निळं काहीतरी

अमरावतीहून अकोल्याची एसटी सुटली तेव्हा आभाळ राखेसारखं होतं. कार्तिक सरत आला तरी ढग हटत नव्हते. माझ्या मांडीवर डबा, गळ्यात दुर्बीण. चौऱ्याहत्तरीतला हा थाट पाहून कंडक्टरने विचारलं, "काहून आजी, शिकारीले का?"

शिकार कसली! थोरल्या बहिणीचा, माईचा, फोन आला होता. "बेबे, एक डोया गेला, दुसऱ्यात नुसते रंग उरले. दसऱ्याले नीळकंठ दिसला नाई. रंगही जातीन, त्याआधी ये."

दसऱ्याला नीळकंठ (निळ्या पंखांचा पक्षी) दिसणं आमच्याकडे शुभ. बाविसाव्या वर्षी मी पक्ष्यांचं एकच पुस्तक वाचून सर्वज्ञ झाले होते. माईने सासरी दसऱ्याला तारेवरच्या निळ्या पाखराला हात जोडले, आणि मी शहाणी सगळ्यांदेखत ओरडले, "अगं, तो खंड्या!" खंड्या म्हणजे मासे खाणारा. सासर खदखदून हसलं, आणि माईचं नावच 'खंड्या' पडलं. सासूने शेवटचं पाणी मागितलं तेही त्याच नावाने. माई त्यावर मला कधी काही बोलली नाही.

अकोल्यात तिच्या घरामागच्या बागेत गेलो. कोरडं कारंजं, धुळीने माखलेली झाडं, दोन होले, कण्हल्यासारखी ओरडणारी एक साळुंकी. बाकावर कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा खाल्ला. मग मी ऐटीत दुर्बीण लावली. सगळा काळोख! झाकणं काढलीच नव्हती.

"आता तुलेबी माह्यासारखंच दिसून राहिलं," माई हसली. मग तिने एकदम वर पाहिलं. बोट वर केलं. "थे निळं. नीळकंठ हाय का वं? का खंड्या?"

फांदीला निळी प्लास्टिकची पिशवी अडकली होती.

"नीळकंठच हाय, माई."

आम्ही दोघींनी हात जोडले. बराच वेळ ती तिकडे पाहत राहिली.

"बेबे," ती म्हणाली, "पिशवी हाय ते. कवाची फडफडून राहिली, उडत नाई."

"मंग हात काहून जोडले?"

"बावन वर्षांनी तू पहिल्यांदा चुकली. म्हटलं, शुभच हाय."

तिला घरी सोडताना उंबरा मी सांगितला, तरी तिला ठेच लागलीच.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूरच्या पुढे तारेवर निळं काहीतरी दिसलं. दुर्बीण गळ्यातच होती. लावली नाही. हात जोडले.