मास्कखालची मिशी

सलूनवाल्या काकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आधी मिशी दुकानाबाहेर आली. मागून काका येईपर्यंत माझा पेपर वाचून संपला. त्या मिशीवर चिमण्यांच्या दोन जोडप्यांचे संसार सुखानं झाले असते. "बसा," काका म्हणाले, आणि पुढं कितीतरी वर्षं मी बसतच राहिलो. त्यांची कात्री थांबे, तोंड थांबत नसे. एका कानामागचे केस उतरेपर्यंत दुसऱ्या कानात सगळी गल्ली ओतून झालेली असे.

मग बिड्यांनी फुप्फुसांची चाळण केली. गोष्टी अर्ध्यावर थांबू लागल्या. शेवटी इस्पितळ.

तिथं दोन यंत्रं होती. एकाची मऊ नळी नाकाशी बसे, उबदार हवा जोरात सोडी, तोंड मोकळं. दुसऱ्याचा मास्क नाकातोंडावर आवळायचा.

"नळीच बरी," काका धापा टाकत म्हणाले. "मास्क म्हणजे बायकोनं तोंडावर हात ठेवल्यासारखं."

"मला जन्मात जमलं नाही," काकू म्हणाल्या, "यंत्राला तरी जमू दे."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "नळीनं आराम पडतो. पण आत साठलेला वाईट वायू तिनं उतरत नाहीये. त्याला मास्कच हवा. आणि मास्क बसत नाही, मिशीखालून हवा पळते. मिशी काढा."

"पाटी काढली तर गिऱ्हाइकाला दुकान सापडायचं कसं?"

काकांनी आपली विद्या चालवली. मलम चोपडून मिशी चापून बसवली. मास्क घसरून हनुवटीवर आला. सिस्टरनं मलम पुसता पुसता त्यांची बिनपाण्यानं केली.

दुसऱ्या दिवशी काका गुंगीत गेले. मला मान सरळ ठेवायला सांगू लागले. काकूंनी दुकानातला वस्तरा आणवला. तो त्यांनी कधी हातात धरला नव्हता. त्यांनी तो मिशीवर आडवाच टेकवला. काकांनी अर्धवट डोळे उघडले, काकूंचं मनगट धरून वस्तरा सरळ केला.

"आडवा नको. वरून खाली."

त्यानंतर ते बोलले नाहीत. मिशीखाली एवढंसं तोंड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मास्क घट्ट बसला. हवा कुठूनही पळत नव्हती. गुरुवारी दुपारी काका गेले.