नाव सांग, गाव सांग

“मॅडम, झोपेचं इंजेक्शन द्या. नाहीतर मी विहीर जवळ करतो.”

असं कोणी म्हटलं की आम्ही मानसोपचारवाले थेट विचारतो, “मरायचे विचार येतात?” विचारल्याने ते वाढत नाहीत, माणूस बोलता होतो. सोपानही झाला.

केनवडजवळ त्याचा भाजीचा मळा. पोळ्याच्या सुमारास मोटारसायकलवरून पडला, डोक्यात थोडं रक्त साकळलं. ऑपरेशन लागलं नाही. आता संक्रांत उलटली होती. झोप नाही, आठवण राहत नाही, संताप अनावर. बायकोवर विळा उगारला, ती माहेरी गेली.

“मले माहंच भेव लागते,” म्हणाला आणि रडला.

मेंदूला मार लागला की झोपेचं घड्याळ बिघडतं. झोप नसली की राग आणि उदासी आणखी वाढतात. आधीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. मी डोस बघत होते, तेवढ्यात सोपानचा खुर्चीतच डोळा लागला. शेजारी बसलेल्या त्याच्या आईने कोपर मारलं.

“सोपान! नाव सांग. गाव सांग.”

“सोपान! केनवड! आता जीव घेतं का माहा, माय?”

मी पेन खाली ठेवलं. “मावशी, हे काय चाललंय?”

“दवाखान्यातून सोडलं तवा सांगतलं ना, झोपला का उठवून पाहा, नाव-गाव विचारा.”

“अहो, ते पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं! डोक्यात रक्त वाढलं तर माणूस जागा होत नाही, म्हणून. तुम्ही अजून उठवताय?”

“मंग? बंद करा असं कोनी म्हनलंच नाही.”

“आणि गोळ्या?”

“त्या कायले देऊ? त्यानं झोप येते!”

मला हसू आलं, चीडही आली. रागावणारच होते, पण म्हातारीचे डोळे त्याच्याहून लाल होते.

“झोपला अन् उठलाच नाही त, बाई?” ती हळूच म्हणाली.

त्यांनी सोबत आणलेला नवा सीटी स्कॅन मी उजेडाला धरून दाखवला. रक्त विरघळलं होतं. “आता उठवणं बंद. मी सांगते म्हणून बंद.” गोळ्या रोज द्यायला सांगून तिच्याच ताब्यात ठेवल्या, विळे-कोयते लपवायला सांगितले. त्याला एकटं सोडू नका म्हटलं, दर आठवड्याला बोलावलं.

हळूहळू झोप बसली. विहिरीचे विचार गेले, राग निवळला, बायको परत आली. विसरणं अजून आहे, औषधंही आहेत.

“लय घोरते आता,” परवा म्हातारी म्हणाली. “मलेच झोप येत नाही. एक डाव नाव विचारू का?”

“अजिबात नाही!”

काय करायचं ते दवाखान्यात सगळेच सांगतात. कधी थांबायचं, तेही सांगावं लागतं.