दिंडोरीची वायनरी आणि सोळा अंशांची सरळ रेघ

छोटे उद्योग चालवणाऱ्या मित्रांनो, संगणक आला आणि काम कमी होण्याऐवजी दुप्पट झालं, ही तुमची कुरकुर मी प्रत्येक सभेत ऐकतो. आजवर उलट तुम्हालाच दटावत आलो. परवा दिंडोरीला जाऊन आलो. खांदे अजून दुखताहेत.

माझा कॉलेजमित्र विलास आजवर द्राक्षं दुसऱ्यांच्या वायनरीला घालायचा. यंदा स्वतःच्या नावाची पहिली वाइन भरणार होता. बघायला निघालो. पुण्याहून पहाटेची एसटी, नाशिकला द्वारका चौकात उतरून रिक्षाने जुन्या स्टँडवर, तिथे मिसळ, मग दिंडोरीची गाडी. सकाळी जाणार असाल तर उजवीकडे बसू नका, सगळं ऊन तोंडावर येतं. रस्ता अर्धा उकरलेला.

विलासने आधी ऑफिसात नेलं. पडद्यावर आंबणाऱ्या रसाचं तापमान: तीन दिवस सोळा अंश. "काय सरळ रेघ आहे!" मी कौतुकाने म्हणालो.

दारातून काशिनाथमामा, टाक्या सांभाळणारे, म्हणाले, "रेघ ऱ्हाऊ द्या. टाकीला हात लावा की! कालपास्नं सांगतोय, लय तापलीय."

टाकीवर त्यांनी साध्या थर्मामीटरने मोजून खडूने लिहिलं होतं: सव्वीस.

दोन दिवस भारनियमनात रस थंड ठेवणारा चिलर आणि तापमान दाखवणारा टाकीचा पॅनल बंद. जनरेटर दुरुस्तीला गेलेला. फक्त संगणक इन्व्हर्टरवर चालू.

"मग सोळा कुठून आलं?" विलास ओरडला.

नोंदी करणारी सुनीता रडवेली झाली. "दादा, पॅनलचाच आकडा भरायचा, तुम्हीच सांगितलंत. पॅनल बंद. रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पानच उघडत नाही. म्हणून आदल्या दिवसाचा भरला."

"खडूचा दिसला नाही?"

"खडूला कोन इचारतंय, पोरी," मामा पुटपुटले.

दुपारभर आम्ही टाकीला ओली गोणपाटं गुंडाळली, विहिरीचं पाणी बादल्यांनी ओतलं, बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणल्या. संध्याकाळी वीस अंश. विलासने पेल्यात घेऊन हुंगलं.

"फळाचा वास उडाला रे. हिच्यावर माझं नाव नाही लावता येणार. दुसऱ्या वायनरीला टँकरने विकून टाकतो."

परतीच्या गाडीत झोपही आली नाही. घरी येऊन संगणकाची बाजू घेणारं माझं सभांतलं भाषण काढून वाचलं. त्यात एकही रकाना रिकामा ठेवू नका असं मीच बजावलं होतं; माणसाला "माहीत नाही" असं लिहायला जागाच नव्हती, आणि हे मला इतक्या सभांत एकदाही खटकलं नव्हतं.

मित्रांनो, संगणक विकू नका. उद्या सकाळी तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा आणि सांगा: रकाना रिकामा ठेवून पुढे जाता आलं पाहिजे. तो करून देईपर्यंत बिल थांबवा.