आंबट का गोड?

लॅबमधल्या काचनळ्या आम्ही रोज धुऊन पालथ्या घालायचो. किस्से तसे धुतले जात नाहीत, साचत जातात! गोंदियाच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात मी टेक्निशियन होतो. आम्ही जुने लोक चहाला जमलो, की कोणीतरी म्हणतंच, "वीणाचं सांगा ना." दोन हजार पाच-सहाची गोष्ट.

*

वीणा दवनीवाड्याची, सात वर्षांची. खोकून खोकून काडी झालेली. तिची आई कौसल्याबाई पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमना म्हणाली, "पोरीचा मुका घेतला का मीठ चाटल्यावानी लागते. काऊन?"

वीणा लगेच म्हणाली, "मी नमकीन हाव ना!"

अख्खी ओपीडी हसली. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. मला खुणेनं बोलावून म्हणाल्या, "हिच्या घामाची टेस्ट करा."

*

रिपोर्ट वाईट आला, घामात मीठ फारच जास्त. मॅडमनी आईबापांना समजावलं, "फुप्फुसाच्या अस्तरातल्या पेशींना मीठ आणि आंबटपणा मारणारा सोडा बाहेर सोडायला बारीक दारं असतात. हिची दारं उघडत नाहीत. म्हणून आतला ओलावा आटतो, आंबट होतो. कफ घट्ट बसतो, जंतू मरत नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाप, रामलालभाऊ, गुलाबी औषधाची बाटली घेऊन हजर! "आंबट म्हणाल्या ना? ॲसिडिटीची दवाई आणली."

"भाऊ, ही पोटाची. फुप्फुसात नाही पोचत," मॅडम म्हणाल्या.

"मंग दारं उघडाची दवाई द्या. धानाच्या बांधीचं पाण्याचं तोंड बुजलं का आम्ही फावड्यानं मोकळं करतो."

"ती अजून निघालीच नाही, भाऊ."

रामलालभाऊंनी शेजाऱ्याच्या फोनचा नंबर लिहून दिला. "निघाली का सांगजा."

*

वीणा सारखी ॲडमिट व्हायची. मनगटातल्या धमनीतून रक्त काढायचं काम माझं. फार दुखतं ते. पहिल्यांदा तिनं विचारलं, "कायले घेता, काका?"

"श्वास कमी पडला की रक्त आंबट होतं. तुझं झालं का, ते पाहतो."

तेव्हापासून दर वेळी मी रिपोर्ट घेऊन आलो की ती विचारायची, "आंबट का गोड?" मी म्हणायचो, "गोड!" रिपोर्ट काही का असेना.

एकदा मी कागद घेऊन दारातच थांबलो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "आज आंबट आहे ना? मायले नोका सांगू."

*

वीणा गेल्यावर महिनाभरानं कौसल्याबाई एकट्याच आल्या. मॅडमनी घरी वापरायला दिलेलं वाफेचं मशीन त्यांना परत करायचं होतं. वॉर्डात एक नवी बाई कफ सुटावा म्हणून आपल्या पोराची पाठ थोपटत होती. भीत भीत, नुसती बोटं टेकवत.

"असं नोको," कौसल्याबाई म्हणाल्या. "हाताची वाटी कर. आमच्या वीणाले असंच करो मी." मशीन खाली ठेवून त्यांनी पोराला मांडीवर पालथं घेतलं. ठप्, ठप्, ठप्. थोड्या वेळानं पोरानं कफ टाकला आणि मांडीवरच झोपी गेलं.

नवी बाई म्हणाली, "तुमच्या पोरीले याच्यानं आराम पडला का?"

कौसल्याबाईंनी झोपलेलं पोर तिच्या हातात दिलं.

"हो," कौसल्याबाई म्हणाल्या. "लय आराम पडे तिले."