‘उद्या या’ म्हणणं मी सोडलं

शिवणकाम मी गोंदियाला शिकलो. घरी धानाची शेती होती, पण ती करायला थोरला भाऊ पुरेसा होता, आणि मला लहानपणापासून कापड हातात घ्यायला आवडायचं. वडिलांना हे पटलं नाही. "आपल्या घरात आजपर्यंत कोनं सुई धरली का?" असं ते आठ दिवस म्हणत राहिले आणि नवव्या दिवशी स्वतःच स्टेशनवर येऊन मला गाडीत बसवून गेले.

बाजारातल्या एका टेलर मास्तरांकडे मी तीन वर्षं काढली. माणूस कामाचा पक्का होता. त्यांनी बसवलेली कॉलर धुऊन धुऊन कापड विरलं तरी वाकडी होत नसे. कटिंग, काज, तुरपाई, सगळं मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. आणखीही एक गोष्ट शिकलो. गिऱ्हाईक दारात आलं की मास्तर मान वर न करता म्हणायचे, "कल ले जाना." कापडाचं गाठोडंसुद्धा तोवर सोडलेलं नसायचं. एकदा मी त्यांना याबद्दल विचारलं. ते हसले. म्हणाले, "बेटा, ना बोला तो कपड़ा लेके दूसरे के पास जाएगा. कल बोल दिया, तो कपड़ा अपने पास रहेगा."

मला ते धंद्याचं मोठं गुपित वाटलं.

१९९९ मध्ये मी गोंदिया जिल्ह्यातल्याच सालेकशाला स्टेशनाकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान घेतलं. एक पायमशीन, एक टेबल, गिऱ्हाइकांची गाठोडी टांगायला भिंतीला खिळे. मागच्या बाजूला पडदा लावून अर्धी खोली वेगळी केली होती, तिथे बायको हुक आणि बटणं लावायची. लग्नाला आमच्या दोन वर्षं झाली होती. माझा हात चांगला होता, त्यामुळे काम लवकर येऊ लागलं. बाजाराच्या दिवशी जंगलाकडच्या गावांतून माणसं यायची आणि कापड टाकून जायची. मी कोणालाच परत पाठवत नसे. सगळ्यांना एकच उत्तर, "उद्या या."

दोन वर्षांत खिळे कमी पडू लागले आणि भांडणं वाढली. कोणाची पँट लग्न होऊन गेल्यावर तयार व्हायची, कोणाचं झंपर हरवून दुसऱ्याच्या गाठोड्यात सापडायचं. मी तर वाईट सवयीच्या पुढच्या पायरीवर गेलो होतो. रागावलेलं गिऱ्हाईक लांबून येताना दिसलं की मी पडद्यामागे जाऊन बसायचो आणि बायको पुढे येऊन सांगायची, "ते गोंदियाले गेले." एकदा मला आतमध्ये शिंक आली. गिऱ्हाइकाने पडद्याखाली दिसणाऱ्या माझ्या चपलांकडे पाहिलं आणि निघून गेलं.

मग मे महिन्यात एक बाई आली. डोंगराकडच्या एका गावातून तीन कोस चालत यायची. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी दोन ब्लाऊज आणि मुलीचा एक फ्रॉक शिवायला टाकला होता. दोनदा मी तिला "उद्या या" म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा ती सकाळीच आली.

"भाऊ, झाले का?"

"झालेच समजा. हुक लावायचे राहिले. उद्या या."

ती पायरीवर बसली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला कसं थंड करायचं ते मला येत होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "तिसऱ्यांदा उद्या म्हनून राहिले तुमी."

"काम गंज आहे, बाई, खिळे भरून गेले. मी तरी काय करू?"

"काम गंज आहे ते मले दिसून राहिलं. त्याचं मी काई म्हनत नाई. तुमी खोटं कायले बोलता? पंधरा दिवस लागते म्हनून सांगतलं असतं तं मी पंधरा दिवसांनी आली असती. आता तेंदूपत्त्याचे दिवस आहेत. सारं गाव पहाटे पत्ता तोडाले जाते. माझे तीन दिवस तुमच्या रस्त्यात गेले."

बिडीला लागणाऱ्या या तेंदूपत्त्याचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. त्या भागातल्या कितीतरी घरांचं पावसाळ्यातलं मीठ-मिरची त्यावर चालतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं. पण माझ्या ‘उद्या’चा आणि तिच्या तेंदूपत्त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी खिळ्यावरून तिचं गाठोडं काढलं. गाठ तिनेच मारलेली होती, तशीच होती. ती गाठीकडे पाहत राहिली आणि मी तिच्याकडे पाहू शकलो नाही.

"बसा," मी म्हणालो. "आज देतो. तुमच्यासमोर."

हातातलं सगळं बाजूला ठेवून मी कापड कापलं. दुपारी बायकोने तिला भात आणि वांग्याची भाजी वाढली. मशीन चालू असताना त्या दोघी आत काहीबाही बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. ऊन उतरायच्या आत तिन्ही कपडे झाले. तिने शिवण उलटून पाहिली, बोटाने ओढून पाहिली.

"शिवन चांगली आहे," ती म्हणाली. "हेच त्या दिवशी करून देल्लं असतं."

एवढं बोलून ती गेली. ती पुन्हा कधी माझ्या दुकानात आली नाही.

त्या संध्याकाळी बायकोने मला सांगून टाकलं, "आजपासून मी कोनाले सांगणार नाई की तुमी गोंदियाले गेले. तुमी आत बसून राहता, आन खोटी मी होते."

मग तिने विचारलं, "तुमी दिवसाले किती कपडे शिवता?"

"सात-आठ," मी म्हणालो. मला तसंच वाटत होतं.

"मी मोजून पाहू का?"

तिने पडद्यामागच्या भिंतीवर खडूने रेघा मारायला सुरुवात केली. एक कपडा पूर्ण झाला, हुक-बटणासकट, की एक रेघ. आठवडाभर मी तिला दाखवण्यासाठी मुद्दाम जोरात काम केलं. तरी रेघा भरल्या सव्वीस. दिवसाला चार होतात म्हणायला दोन कमीच. मी पुन्हा मोजल्या. गिऱ्हाइकांशी मी खोटं बोलत होतो हे मला कळत होतं, पण दोन वर्षं मी स्वतःलाच फसवत होतो हे त्या भिंतीपुढे उभं राहिल्यावर कळलं. सात-आठ कपडे शिवणारा माणूस माझ्या दुकानात कधी नव्हताच.

बायकोने एक मोठ्या चौकटींचं कॅलेंडर आणलं. एका चौकटीत चार कपडे. चौकट भरली की पुढची. खिळ्यांवरची जुनी गाठोडी आधी त्यात बसवली, तर जून संपून जुलै अर्धा भरला. त्यानंतर कोणी कापड घेऊन आलं की आम्ही कॅलेंडर पाहून सांगायचो, "सत्तावीस तारखेला या."

पहिले सहा महिने फार वाईट गेले. लोकांना सत्तावीस तारीख ऐकायची सवय नव्हती. "एवढ्या उशिरा? राहू द्या मंग," म्हणायचे आणि कापड उचलून समोरच्या दुकानात जायचे. समोर एक टेलर होता, छत्तीसगडकडून आलेला, हिंदी बोलणारा. तो सगळ्यांना "कल पक्का" म्हणायचा. त्याचे खिळे भरत होते आणि माझे रिकामे होत होते. एकदा तर दुपारी तीन वाजता मी मशीनवर हात ठेवून नुसता रस्त्याकडे पाहत बसलो होतो. बायकोला म्हणालो, "आपलं चुकलं. मास्तर बरोबर होते."

ती हुक लावत होती. म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाहू. नाई जमलं तं मंग तुमचं उद्या आहेच."

त्या रिकाम्या दुपारींचा एक फायदा झाला. मी चहाच्या टपरीवर बसणं कमी केलं आणि सकाळी दुकान उघडताच दिवसभराचं कटिंग आधी उरकायची सवय लावून घेतली. आधी मी एक कपडा कापायचो, शिवायचो, मग दुसरा शोधायचो. आता चार कपडे कापलेले समोर दिसले की हात आपोआप चालायचा. पाचवा कपडाही होऊ लागला. पण कॅलेंडरच्या चौकटीत आम्ही चारच ठेवले. पाचवी जागा अडीअडचणीसाठी.

दिवाळीच्या आधी शाळेतल्या एक बाई आल्या. त्यांना बुधवार दिला होता. त्या मंगळवारीच आल्या आणि ब्लाऊज झाला का म्हणून विचारू लागल्या. "बुधवारी," मी म्हणालो. बुधवारी आल्या तेव्हा घडी घालून ठेवलेला ब्लाऊज हातात दिला. त्या म्हणाल्या, "मी परीक्षा घेत होते तुमची. आमच्या शाळेत कोणाचा विश्वास बसेना." पुढच्या आठवड्यात त्याच शाळेतल्या तिघीजणी आल्या. त्यानंतर हळूहळू, कधी एक, कधी दोन अशी माणसं परतू लागली. काही जण तर नुसती तारीख विचारून जायचे, कापड त्या हिशेबाने उशिरा आणायचे.

पण खरी कसोटी तीन वर्षांनी लागली. जवळच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. नवरीचे आणि घरातल्या बायकांचे मिळून बावीस कपडे माझ्याकडे होते. लग्नाला आठ दिवस उरले आणि बायकोला मलेरिया झाला. ताप उतरेना. दवाखाना, घर आणि दुकान यात माझे तीन दिवस गेले. बारा कपडे राहिले होते. दवाखान्याच्या फेऱ्या आणि हुक-बटणं एकट्याने सांभाळून दिवसाला एखादाच कपडा होत होता; बाराही होणार नाहीत, हे मला दिसत होतं.

जुना मी असतो तर शेवटच्या दिवसापर्यंत "होते, होते" म्हणत राहिलो असतो. मी सायकल काढली आणि त्या गावाला गेलो. नवरीचे वडील अंगणात मांडवाचं पाहत होते.

"काका, तुमचे बारा कपडे माझ्याकडून वेळेवर होणार नाहीत," मी म्हणालो. "घरात आजारपण आहे. पाच दिवस आधी सांगायला आलो."

ते माझ्यावर ओरडले. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मांडवातली माणसं काम थांबवून पाहू लागली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांचा आवाज थकला तेव्हा म्हणालो, "कापड कापलेलं आहे. मी दुसऱ्याकडून शिवून घेतो. माप माझं, जबाबदारी माझी."

"कोनाकडून?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. परत आलो आणि रस्ता ओलांडून समोरच्या टेलरच्या दुकानात शिरलो. पाच वर्षांत पहिल्यांदाच. त्याला सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

"आप मेरे पास आए?"

"आपका हाथ अच्छा है," मी म्हणालो. ते खरंच होतं. "बस, तारीख पक्की चाहिए."

तो हसला. "तारीख की ही तो बीमारी है मुझको." मग म्हणाला, "लाओ. सात मेरे, पाँच आपके."

चार दिवस दोन्ही दुकानं एकाच कामाला लागली. तो मध्येच हातात ब्लाऊज घेऊन रस्ता ओलांडायचा आणि बाहीचं माप विचारायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी बाराही कपडे पोचते केले. नवरीच्या वडिलांनी मला हात धरून जेवायला बसवलं. त्यांना राग गेल्याचं तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून ते वाढणाऱ्याला सारखं म्हणत होते, "यांना अजून वाढ गा."

बायको पंधरा दिवसांनी उठली. ती बरी होऊन दुकानात आली त्या दिवशी समोरचा टेलर मुद्दाम भेटायला आला आणि तिला म्हणाला, "भाभी, वो कैलेंडर कहाँ मिलता है?"

पुढच्या काळात तयार कपड्यांची दुकानं वाढली. पँट-शर्ट शिवून घेणारे कमी झाले, आसपासच्या दोन टेलरांनी मशिनी विकल्या. आम्ही ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि शाळेचे गणवेश यांवर तगून राहिलो. एका शाळेने गणवेश शिवायला द्यायचे ठरवले तेव्हा मी चाळीस दिवस मागितले आणि त्यांनी ते काम दुसरीकडे दिलं. वाईट वाटलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेने चाळीस दिवस दिले. बायकोने बाजूची खोली भाड्याने घेऊन मुलींना शिवण शिकवायला सुरुवात केली. त्यातल्या दोघी आता आमच्याकडेच काम करतात.

२०१३ मध्ये समोरच्या टेलरने आणि मी मिळून बटणांसाठी काज करायचं एक मशीन घ्यायचं ठरवलं. एकट्याला त्याचा उपयोग कमी होता. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने गोंदियाला गेलो, दुकानदाराला चार वेळा मशीन चालवून दाखवायला लावलं आणि टेम्पोत बसून परत आलो. सालेकशाला उतरल्यावर प्रश्न पडला, मशीन ठेवायचं कोणाच्या दुकानात? रस्त्यात उभं राहून आमचा बराच वेळ वाद झाला. तो म्हणे, "आपके यहाँ," मी म्हणे, तुमच्याकडे. शेवटी बायकोने टेम्पोवाल्याला थांबवून ठेवणं बरं नाही म्हणून स्वतःच ते आमच्या ओट्यावर उतरवून घेतलं, आणि त्याने तिथेच पहिला काज करून पाहिला.