नाल्यातले तितर गप्प होते

मी धाड गावाकडचा. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हा मात्र लान्स नायक होतो आणि सरहद्दीवरच्या एका डोंगरी पोस्टवर आमची प्लाटून होती. साखरखेर्ड्याचा नामदेव माझा बडी. बडी म्हणजे एका खंदकातला, एका ताटातला जोडीदार.

पोस्टवर दिवस स्टँड-टूने सुरू व्हायचा. उजाडायच्या आत प्रत्येकानं रायफल घेऊन आपापल्या मोर्च्यात, म्हणजे खंदकात, बसायचं. बोलायचं नाही, बिडी नाही. पूर्ण उजाडेपर्यंत फक्त बघायचं आणि ऐकायचं. तुम्हा सिव्हिलवाल्यांना हे रिकामटेकडं बसणं वाटेल. आमच्या सुभेदार साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बैठे रहना भी ड्यूटी है. नाले को पहचानो."

आम्ही ओळखला. उजाडताना खालच्या नाल्यात तितर बोलायचे. आधी एक, मग सगळी झुडपं. कोणी आत शिरलं असेल तरच गप्प. रोज ऐकून ऐकून डोकं असं निवळायचं की दिवसभराचं काम निम्म्या वेळात उरकायचं.

मग इन्स्पेक्शनची बातमी आली आणि साहेबांच्या अंगात आलं. दगडांना चुना लावा, बादल्यांना रंग द्या, पायवाटेला दोन्हीकडून सारखे दगड मांडा. ज्याच्या हातात काम नाही तो कामचोर. स्टँड-टूसुद्धा अंधारातच मोडायला लागले. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. ज्या माणसानं आम्हाला बसायला शिकवलं, त्याच माणसानं हे करावं!

त्या सकाळीही स्टँड-टू लवकर मोडला आणि आम्हा सहा जणांना चपटे दगड आणायला नाल्यात धाडलं. नामदेव पुढे, त्याच्यामागे मी. उजाडत होतं. वळणाआधी त्यानं मूठ वर केली. सगळे खाली बसलो.

"काय झालं बे?"

"तितर बोलून नाही राह्यले. एकबी नाही."

मी कान दिला. नाला मुका होता. मी वायरलेस सेटवर साहेबांना कळवलं, "नाले में गडबड लगती है. रुक के देखते हैं. ओव्हर."

"क्या देखा?"

"देखा नहीं साहब. तितर चुप हैं."

"पिकनिक पे गये हो? टाइम नहीं है. पत्थर लाओ. आउट."

नामदेव हसला. "चाल बाप्पा, साहेबाले घाई आहे." तो उठला, वळणावर गेला आणि समोरून गोळ्यांचा बर्स्ट आला.

रात्री घुसलेले दोघे झुडपात दडून होते. त्यांना आम्ही तिथंच आडवं केलं. नामदेव माझ्या मांडीवर गेला. इन्स्पेक्शन रद्द झालं.

काय मिळवलं हो त्या धावपळीनं? दगड पांढरे केले, एवढंच! आता गावातही तेच बघतो. प्रत्येक जण कामात आहे, कोणाला मान वर करायला फुरसत नाही. विचारलं तर वर तोंड करून सांगतात, "लय बिझी आहो काका." कशात रे बाबांनो?

साखरखेर्ड्यात दरवर्षी नामदेवसाठी कार्यक्रम होतो. यंदा मीही होतो. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली, असं माइकवरून जाहीर झालं. आम्ही उभे राहिलो. मान खाली घालून धड श्वासही घेतला नव्हता, तोच आवाज आला, "धन्यवाद, बसून घ्या. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम आहे." खुर्च्या करकरल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेजारी नामदेवची आई माझा हात धरून उभीच होती. त्या सकाळचं सगळं मी तिला केव्हाच सांगितलेलं आहे.

"बसा ना आजी," माइकवाला म्हणाला.

"घाईनंच त मारलं माह्या पोराले," ती म्हणाली. "आता त्याच्या नावानं उभं राहाले बी तुम्हाले घाई काऊन?"

माइकवाल्यानं माइक खाली ठेवला. पाहुणे उठले, मग बाकीचे. घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही. म्हातारी बसली, तेव्हाच आम्ही बसलो.