सासऱ्यांची व्हिस्की निवडताना...

केडगावला पहिल्या दिवाळसणाला गेलो आणि माझी अशी काही पंचाईत झाली की विचारू नका... सत्तरच्या दशकाची नुकती सुरुवात होती. तेव्हाचं केडगाव म्हणजे नगरबाहेरचं, पुणे रस्त्यावरचं साधं गाव.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालेलं. इंदू सणासाठी आधीच माहेरी आली होती. भाऊबीज उरकली की तिला घेऊन मी कारखान्यावर परतायचं, असा बेत होता.

पण घरात पाऊल टाकलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. सासूबाई नजर चुकवत होत्या. इंदूनं पाण्याचा तांब्या देता देता हळूच सांगितलं, "मला धाडायचं का न्हाई, त्येचाच इचार चाललाय."

कारण होतं माझी नोकरी. साखर कारखान्यात केमिस्ट, एवढंच लग्नाच्या बैठकीत सांगितलं गेलं होतं आणि ते खरंही होतं. पण हा केमिस्ट डिस्टिलरीत असतो, अशी बातमी दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी आणून पोचवली. झालं! मळीपासून स्पिरिट काढणारा माणूस रोज पिंपातच तोंड घालत असणार, अशी सगळ्यांची खात्री...

त्यात घरात इंदूची थोरली बहीण शालनताई. नवऱ्याच्या दारूपायी ती माहेरी परतली होती, ती पुन्हा गेलीच नाही. दुसऱ्या मुलीच्या बाबतीत हे लोक ताकही फुंकून पिणार, यात त्यांची काय चूक?

मी आयुष्यात थेंबही तोंडाला लावला नव्हता. पण हे सांगून उपयोग काय... पिणारेही तेच सांगतात.

संध्याकाळी सासऱ्यांनी पुढच्या खोलीत बोलावलं. त्यांना मी मामा म्हणायचो. फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, मिशा अजून ड्युटीवर. समोर काचेचे तीन ग्लास, प्रत्येकात बोटभर व्हिस्की, आणि मागे पेपरात गुंडाळलेल्या तीन बाटल्या.

"पाव्हणं, फौजंत रम घेत हुतो, आता ती सोसत न्हाई. डॉक्टरनं तब्येतीसाठी परमिट दिलंय. ह्या तीन व्हिस्क्या खिशाला झेपतील अशा हायेत, त्यातली एक कायमची ठरवायची हाय. तुमी त्यातलं जाणकार. सांगा कंची चांगली!"

मला घाम फुटला. नाही म्हणावं, तर चोर सोवळं पाळतोय असं वाटणार. हो म्हणावं, तर चोर आयताच सापडला! इकडे आड, तिकडे विहीर... आणि इंदू आत स्वयंपाकघरात, तिची पेटी अजून भरलेली नाही.

मग मी शहाणपणा केला. लॅबमध्ये आम्ही स्पिरिट तपासताना करायचो तसे प्रत्येक ग्लासातले दोन थेंब तळहातावर घेतले, तळवे चोळले आणि वास घेतला. पहिलीत आणि तिसरीत स्पिरिटचा वास नाकात चढत होता, दुसरी जरा सौम्य वाटली. ते मी मोठ्या ऐटीत सांगून टाकलं.

मामांच्या भुवया वर गेल्या. "सराव लई दिसतोय!"

मेलो... मी मनात म्हटलं. स्वतःच्या हातानं स्वतःची वाट लावली. कामाचा भाग आहे वगैरे काहीतरी पुटपुटलो, पण माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

"नुसत्या वासावर ठरतंय व्हय? तोंडाला लावून बघा."

आता माघार नव्हती. यात पाणी घालतात, घोट घोट घेतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण त्या टेन्शनमध्ये डोकंच चालेना. लहानपणी काढा प्यायचो तसा डोळे मिटून पहिला ग्लास अख्खाच्या अख्खा एका दमात घशात ओतला.

पुढचं काय सांगू! घशात इंगळ पडल्यासारखं झालं. असा ठसका लागला की डोळ्यांतून, नाकातून पाणी... मामा पाठीत धपाटे घालतायत आणि मी त्यांचंच धोतर धरून लटकलोय.

तेवढ्यात दाराचा पडदा सरला. शालनताई पाणी घेऊन उभी होती. म्हणजे इतका वेळ ती पडद्याआडच होती तर! मामांनी तिच्याकडे बघितलं. "काय गं?"

"धाडा इंदूला," ती म्हणाली आणि ग्लास माझ्या हातात दिला.

मामा हसायला लागले ते थांबेचनात. हे सगळं डोकं थोरलीचं होतं, हे त्यांनीच मग सांगितलं. व्हिस्कीचा प्रश्न मात्र खरा होता. ठसका ओसरल्यावर त्यांनी पुन्हा विचारलंच, आणि मी त्या सौम्य वाटलेल्या दुसऱ्या ग्लासाकडे बोट दाखवलं. पुढे ते हयातभर तीच घेत राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'आमच्या केमिस्ट जावयानं निवडलीय' म्हणून सांगत राहिले!

भाऊबीज उरकल्यावर एस.टी.च्या थांब्यावर शालनताई पोचवायला आली. मला राहवेना. म्हटलं, "ताई, मी ठसक्याचं नाटक केलं असतं तर?"

तिनं इंदूच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. "आमच्या मालकांनी बैठकीत चहासुदिक नको म्हनून सांगितलं हुतं, पाव्हणं. सगळी म्हनली, किती निर्व्यसनी पोरगं... आता नाटक वळखू येतं मला."

एस.टी. हलली तरी ती तिथेच उभी होती. तिचा स्वतःचा संसार परत उभा राहिला नाही, पण माझा तिनं पडद्याआड उभं राहून तपासून घेतला आणि मग सुरू करून दिला. शालनताई, तुमचे उपकार आम्ही दोघं रोज आठवतो...